वर काय झालं, पाहिलं कोणी?

मित्राच्या घरी देवघराखाली एक खण आहे. त्यात वातींचा डबा, कापराच्या वड्या, दोन जुनी पंचांगं, आणि कुंकवाच्या एका रिकाम्या डबीत चांदीचं पदक. बंद्या रुपयापेक्षा जरा मोठं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. मित्राचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, त्यांचं हे. ब्रिटिशांनी त्या युद्धातली पदकं काठावर नाव ठोकून दिली: शिपाई नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धात तेवढी उस्तवार त्यांना झेपली नाही, त्यांच्या स्वतःच्या सैनिकांनाही पदकं कोरीच मिळाली.

तर हे नावाचं पदक. पण शंभर वर्षं दर दिवाळीला देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर तेही रांगोळीने घासलं गेलंय. राजाचं नाक सपाट झालंय, घोड्याचे पाय पुसट. काठ खिडकीशी धरून, तिरप्या उजेडात फिरवत फिरवत पाहिला, तेव्हा एक ७ दिसला, मग बरीच मोकळी जागा, आणि मग इंग्रजी 'आर'सारखं काहीतरी. बाकी सगळं गुळगुळीत.

या घराचं त्यावाचून काही अडलेलं नाही. पणजोबा परत आले, जमिनीचे वाद घातले, म्हातारे होऊन गेले. त्यांच्या गोष्टी अजून जेवताना निघतात. मला आठवण झाली ती परत न आलेल्यांची, आणि त्यातही लढाऊ वैमानिकांची. पायदळातला माणूस पडतो तेव्हा शेजारी बहुतेक वेळा कोणीतरी असतं. एका आसनाच्या विमानातला माणूस पडतो तेव्हा शेजारी कोण असणार?

पदकं मुळात दोन जातींची. एक हजेरीची. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक आघाडीवर होतात, नोंदवहीत नाव आहे, घ्या पदक. १९७१चं पश्चिमी स्टार किंवा संग्राम मेडल हे असं. यात कमीपणा काही नाही, छातीवरच्या बहुतेक फिती याच असतात. दुसरी जात पराक्रमाची. तिला नोंदवही पुरत नाही. कोणीतरी पाहावं लागतं, पाहिलेलं लिहावं लागतं, लिहिलेलं वर पाठवावं लागतं, आणि वरच्यांना ते पटावं लागतं. पराक्रम एकट्याने होतो, पदक एकट्याच्या सांगण्यावर होत नाही. त्यातून सांगणाराच परतला नसेल तर?

इंद्रलाल रॉय. जन्म १८९८, कलकत्ता. वडील बॅरिस्टर, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये, घरचं लाडाचं नाव 'लॅडी'. रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या तेव्हाच्या विमानशाखेने, आधी डोळ्यांच्या तपासणीत नापास केलं. तेव्हा पोराने आपली मोटरसायकल विकून त्या पैशांत एका बड्या नेत्रतज्ज्ञाचा दाखला आणला, असं सांगतात. अठराव्या वर्षी भरती झाला. १९१७च्या डिसेंबरात विमान आपटलं, मेला समजून शवागारात ठेवलं, आणि तिथे शुद्धीवर येऊन त्याने आतून दार ठोठावलं, असंही सांगतात. या गोष्टीला किती पदर सांगता सांगता लागले असतील कोण जाणे, पण अपघात खरा आणि त्यानंतरचे आजारपणाचे महिनेही खरे. त्या दिवसांत तो विमानांची चित्रं काढत बसे.

१९१८च्या जूनमध्ये तो ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये गेला. विमान एस. ई. ५ए, फ्लाइट कमांडर जॉर्ज मॅकेलरॉय नावाचा आयरिश. ६ जुलै ते १९ जुलै एवढ्या दिवसांत रॉयच्या नावावर दहा विमानं लागली, काही एकट्याची, काही वाटणीतली. तेव्हा विजय 'लागायचा' म्हणजे काय, तर उतरल्यावर अहवाल लिहायचा: किती वाजता, कुठे, किती उंचीवर, शत्रूचं विमान जळालं की मोडलं की नुसतं गरगरत खाली गेलं. मग दुसऱ्या कोणी ते पाहिलं का, याची विचारणा. बरोबरचा वैमानिक, खंदकातला पहारेकरी, तोफखान्याचा निरीक्षक, कोणीही चाले.

२२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हिनवर जर्मन फोकर विमानांशी गाठ पडली आणि रॉय कोसळला. वय एकोणीस. ज्याच्या मागून तो लढायला शिकला तो मॅकेलरॉय नऊ दिवसांनी, ३१ जुलैला गेला. म्हणजे त्या तेरा दिवसांचा सगळ्यात जवळचा साक्षीदारही त्याच महिन्यात संपला. मागे राहिले ते कागद.

सप्टेंबरात राजपत्रात रॉयचा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस (डी. एफ. सी.) जाहीर झाला. हे पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. पदकही नवंकोरं होतं, जूनमध्येच सुरू झालेलं. त्याच्या रिबनवर तेव्हा जांभळे-पांढरे पट्टे आडवे असत, पुढच्या वर्षी ते तिरपे झाले आणि आज तिरपेच दिसतात. मानपत्र चार ओळींचं: तेरा दिवसांत नऊ विमानं, एकाच फेरीत दोन-दोन पाडल्याचे प्रसंग. २२ जुलैबद्दल त्यात अवाक्षर नाही. ज्या दिवशी जीव गेला त्या दिवसाला त्यात जागाच नाही.

यामागे एक विचित्र नियम आहे, आणि तो कळल्यावर मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. ब्रिटिश रिवाजात मेलेल्या सैनिकाला लढाईतल्या पराक्रमासाठी दोनच गोष्टी देता येत. सगळ्यात वरचा व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर सगळ्यात खालचा युद्धवृत्तांतातला नामोल्लेख. मधली सगळी शिडी जिवंतांसाठी. ज्या झुंजीत मरण आलं त्या झुंजीबद्दल डी. एफ. सी. नाही, मिलिटरी क्रॉस नाही. (व्हिक्टोरिया क्रॉस तरी कुठे, सुरुवातीची कित्येक वर्षं तोही मेलेल्यांना देत नसत.) १९७९ साली हा नियम बदलला. तोवर दोन महायुद्धं झाली होती.

रॉयबरोबरच्या काळात मुंबईचा एक मुलगा फ्रान्सवर उडत होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. श्रीकृष्ण चंद वेलिणकर. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला, लेफ्टनंट, २३ नंबरचं स्क्वाड्रन, विमान सॉपविथ डॉल्फिन. १९१८च्या जूनअखेर गस्तीवर गेला तो परतला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला आणि तिथेच वारला. सोममधल्या हँगार्डच्या कबरस्तानात त्याचं थडगं आहे. पराक्रमाचं पदक नाही. त्या शेवटच्या गस्तीत वर काय झालं ते सांगायला तो स्वतः परतला नाही, आणि कोणी पाहिलं असतं तरी मधल्या शिडीचा तो नियम आड आलाच असता. त्याच्यात आणि रॉयमध्ये हिमतीचा फरक किती, हे कोणीच मोजू शकत नाही. फरक दिसतो तो कागदांचा.

अशा घरांना सरकारकडून एक काशाची तबकडी जायची, बारा सेंटिमीटरची, हातात जड लागणारी. ब्रिटानिया, पायाशी सिंह आणि मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही. तो मुद्दाम गाळलेला, कारण मरणात साहेब आणि शिपाई सारखेच. ब्रिटिश सैनिकांच्या घरी तिला 'मेलेल्याचा पैसा' म्हणत. साडेतेरा लाखांच्या आसपास अशा तबकड्या ओतल्या गेल्या.

आणि थडग्यावर घरच्यांना एक ओळ कोरून घेता यायची. सहासष्ट अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून, आणि सुरुवातीला तर अक्षरागणिक साडेतीन पेन्स. वेलिणकरच्या थडग्यावरची इंग्रजी ओळ सांगते की साम्राज्याच्या शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्माननीय स्मृतीस. मी ती अक्षरं मोजली. अठ्ठावन्न. आज 'साम्राज्य' हा शब्द आपल्याला टोचतो, पण आठ अक्षरं हाताशी उरलेली असताना घरच्या माणसांनी तो निवडला, तर तो त्यांचा. रॉयच्या थडग्यावर बंगाली अक्षरं आहेत: महावीराची समाधी, मान राखा, स्पर्श करू नका. फ्रान्सच्या एका खेड्यात, जिथे ते वाचणारं कोणी नाही, तिथे बंगालीत लिहिलंय की हात लावू नका. ही ओळ मला डी. एफ. सी.च्या मानपत्रापेक्षा फार मोठी वाटते.

साक्षीदार जमिनीवर असले की गोष्ट कशी बदलते, त्याचं उदाहरण जेम्स निकोल्सनचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या अख्ख्या फायटर कमांडला एकच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याचा. १६ ऑगस्ट १९४०, साउथहॅम्प्टनजवळ त्याच्या हरिकेन विमानाला आग लागली. उडी मारायची सोडून तो जळत्या कॉकपिटमध्ये बसून समोरच्या जर्मन मेसरश्मिट विमानावर गोळ्या झाडत राहिला आणि मग पॅराशूटने उतरला. उतरताना खालून आपल्याच होमगार्डवाल्यांनी त्याच्यावर गोळी झाडली, तो भाग वेगळा. पण माणसं खाली उभी राहून बघत होती. हीच झुंज समुद्रावर, ढगाआड झाली असती तर? एकच व्हिक्टोरिया क्रॉस याचा अर्थ बाकीचे शूर नव्हते असा होत नाही. त्यांचं बघायला खाली कोणी नव्हतं, एवढाच होतो. हा निकोल्सन पुढे १९४५च्या मे महिन्यात बंगालच्या उपसागरात विमान कोसळून गेला, युरोपातली लढाई संपायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात विलक्षण. ७ सप्टेंबर १९६५. आदमपूरहून १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानच्या सरगोधा तळावर निघाली, पुढे विंग कमांडर ओ. पी. तनेजा. कर्नाटकातल्या कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या राखीव होते. कोणाचं विमान नादुरुस्त झालं तर जायचं, नाहीतर नाही. ते गेले. हल्ला झाला, विमानं परतली, देवय्या परतले नाहीत. परतीच्या वाटेवर मागे काय घडलं ते बरोबरच्या कोणालाच दिसलं नव्हतं. खाली शत्रूचा मुलूख, इंधन मोजकं, जमिनीला चिकटून उडायचं. मागे वळून बघणार कोण? नोंद झाली: बेपत्ता.

अशी नोंद घरात कशी राहत असेल? मेलेल्याचे दिवस करता येतात. बेपत्ता माणसाचे कधी करायचे?

चौदा वर्षांनी, १९७९ साली, एका ब्रिटिश लेखकाचं पाकिस्तानच्या बाजूने लिहिलेलं हवाई युद्धाचं पुस्तक आलं. त्यात एका झुंजीचं वर्णन होतं. पाकिस्तानचा स्टारफायटर, आवाजाच्या दुप्पट वेगाचं अमेरिकन विमान, परतणाऱ्या मिस्टेअरच्या मागे लागला. तोफेच्या गोळ्यांनी त्याने एका मिस्टेअरला जायबंदी केलं आणि ते संपलं असं समजून पुढच्याकडे वळला. संपलेलं मिस्टेअर संपलं नव्हतं. ते परत येऊन भिडलं, आणि जमिनीलगतच्या त्या घुसळणीत, जिथे स्टारफायटरचा वेग काही कामाचा नव्हता, त्याने स्टारफायटर पाडला. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन उडी मारून वाचला. मिस्टेअरचा वैमानिक वाचला नाही.

त्या पहाटेच्या हल्ल्यातून न परतलेलं मिस्टेअर एकच होतं.

म्हणजे साक्ष आली ती शत्रूकडून, ज्याला पाडलं त्याच्याकडून. तो वाचला नसता तर देवय्या आजही बेपत्ताच असते. लढाऊ विमानाच्या तोफांना तेव्हा कॅमेरा जोडलेला असे, घोडा दाबला की चित्रण सुरू होई, आणि परतल्यावर ती फिल्म धुऊन दावा तपासत. पण फिल्म विमानातच. विमान पडलं की पुरावाही पडला. तनेजांसारख्या जुन्या सहकाऱ्यांनी मग आपल्या बाजूने पाठपुरावा केला, आणि १९८८ साली, तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं. तेवीस वर्षं! १९६५ साली जन्मलेलं मूल एव्हाना स्वतः वैमानिक होऊ शकलं असतं.

या मानाने फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कारण ती अख्ख्या विमानतळाच्या डोक्यावर घडली. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. १८ नंबरच्या स्क्वाड्रनची थोडी नॅट विमानं तिथे ठेवली होती. १९४८पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे काश्मीर खोऱ्यात लढाऊ विमानं बरीच वर्षं नव्हती, त्यामुळे तिथली उंची, थंडी, डोंगर हे सगळं या पोरांना नवं. मानपत्रातसुद्धा याचा उल्लेख आहे. नॅट म्हणजे पावणेनऊ मीटर लांबीचं विमान, दोन मोटारी मागे-पुढे लावल्या तरी तेवढीच जागा. सेखों सहा फुटी. कॉकपिटमध्ये अक्षरशः घडी घालून बसावं लागत असणार. स्क्वाड्रनमध्ये त्यांचं नाव 'ब्रदर', कारण ते ज्याला त्याला ब्रदर म्हणत.

सकाळी पेशावरहून निघालेली सहा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं तळावर आली. सेखों आणि त्यांचे लीडर फ्लाइट लेफ्टनंट घुमन सज्जतेच्या ड्यूटीवर होते. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना दोघांनी उड्डाण केलं. धूसर हवेत घुमन यांची आणि त्यांची चुकामूक झाली, आणि सेखों एकटेच सेबरच्या घोळक्यात सापडले. रेडिओ चालू होता. दोन सेबरच्या मागे आहे, सोडणार नाही, असं ते म्हणाले ते खाली ऐकलं गेलं. शेवटी, बहुतेक मला लागलंय, हेही ऐकलं गेलं. मानपत्रानुसार त्यांनी एका सेबरवर गोळ्या अचूक मारल्या आणि दुसरं पेटवलं. पाकिस्तानी बाजू हे असं मानत नाही. हवाई लढाईत दोन्हीकडचे आकडे जुळल्याचं मला तरी आठवत नाही. पण त्या सकाळी समोर असलेल्या एका पाकिस्तानी वैमानिकानेच पुढे सेखोंच्या झुंजीबद्दल आदराने लिहिलं, आणि ते मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

विमानाचे अवशेष एका दरीत सापडले. देह सापडला नाही.

हवाई दलाला आजवर मिळालेलं परमवीर चक्र हे एकच. एकूण एकवीस, त्यांतली चौदा मरणोत्तर. आणि इथे एक आपल्या घरची गोष्ट येते. हे पदक घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, माहेरचं नाव ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. मराठी, संस्कृत, हिंदी सगळं शिकल्या, आणि पुराणं अशी वाचली की आपण लाजावं. परमवीर चक्रावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. वज्र इंद्राचं, आणि ते दधीची ऋषींच्या हाडांपासून बनलेलं. वृत्राला मारायला दुसरं काही चालेना म्हणून दधीचींनी देह ठेवला आणि हाडं दिली. मागच्या बाजूला कमळं. पदक ब्राँझचं, साडेतीन सेंटिमीटरचं. गंमत अशी की त्याच्या खालोखालचं महावीर चक्र चांदीचं आहे आणि हे साधं ब्राँझ. वर साधी जांभळी रिबन, एकही पट्टा नसलेली.

सेखोंचे वडील स्वतः हवाई दलातले. लुधियानाजवळच्या इसेवालला, त्यांच्या घरी, अस्थी कधी आल्याच नाहीत. आलं ते हे, हाडांच्या शस्त्राचं चित्र असलेलं ब्राँझ. सावित्रीबाईंनी ते १९७१च्या किती तरी आधी काढलेलं, त्यांच्या मनात यातलं काही असणं शक्यच नव्हतं. तरी ते चित्र आता दुसऱ्या रीतीने पाहता येत नाही, मला तरी.

हे सगळं डोक्यात घोळत असताना गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मित्राकडे गेलो होतो. काकू मोरीपाशी पाटावर बसून चांदीची भांडी घासत होत्या. निरांजनं, पळी, तांब्या, आणि ताटाच्या कडेला ते पदक, ओल्या रांगोळीत बुडवलेलं. मी खाली बसलो. म्हटलं, "काकू, हे आता घासू नका. काठावर नाव होतं, थोडंसं उरलंय, तेही जाईल."

त्यांनी हात थांबवला. पदक उचललं, पदराने पुसलं, काठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. चष्मा नव्हता, तरी पाहिला.

"अरे, पण न घासून कसं चालेल," त्या म्हणाल्या. "काळं पडेल की."